नदीकाठी राहिलेली चंद्री

अड्याळच्या आसपासच्या चार गावांत रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की लोक एकमेकांना विचारतात, "मंगलाबाईची टोळी कोणाकडं हाय?" टोळ्या दहा आहेत. पण ही चौदा बायांची टोळी धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, उतरली की दिवस मावळायच्या आत बांधी हिरवी होते, आणि मालकाला धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, उभं राहून ओरडावं लागत नाही. बायाच आपसात म्हणतात, "चला व, आखीन एक पट्टी घेऊ." त्याला कारण मंगलाबाई रामटेके रोवताना सांगते ती गोष्ट.

साठी उलटलेली, काटक बाई. शाळा चौथीत सुटली आणि ती आईच्या मागं चिखलात उतरली. आई गेल्यावर गोष्ट सांगायचं काम तिच्याकडं आलं, त्याला तेहतीस वर्षं झाली. पहिल्या बांधीत ती एक गोष्ट धरते आणि वीस-बावीस दिवसांनी शेवटच्या बांधीत सोडते. सगळ्या बाया ओणव्या, डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे कोवळ्या रोपांची, पेंढी, उजव्या हातानं रोप चिखलात खोचत मागं मागं सरकतात. माणसं मागं सरकतात, गोष्ट पुढं जाते. धुरा जवळ आला की मंगलाबाई गोष्टीला अशा जागी नेऊन ठेवते की कोणालाही कंबर सरळ करायची आठवण राहत नाही.

तिची शेजारीण शकुनबाई. दोघींचं एकमेकींवाचून पानही हलत नाही आणि एका शब्दावर पटतही नाही. तिनं एकदा विचारलं होतं, "तुले हे जमते तरी कसं व?"

"त्यात काय हाय? कोणाले तरी काहीतरी पाहिजे असते, आन् ते भेटून नाही राहत. बस."

"आन् भेटलं तं?"

"मंग उठून घरी जा. बसून कायले राहतेस?"

भंडाऱ्याच्या कॉलेजातले प्रवीण सर एकदा तिची गोष्ट मोबाइलमध्ये भरून घ्यायला आले, तेव्हा तिला अंगणात खुर्चीवर बसवलं. बाईच्या तोंडून अक्षर फुटेना. शेवटी ती म्हणाली, "सर, हात रिकामे हायेत." घरातून सुपात लाखोळीच्या शेंगा आणल्या, सोलायला बसली, आणि मग सरांच्या मोबाइलमधली जागा संपली तरी ती थांबली नाही.

यंदाची गोष्ट सोनीची होती. सोनीचा भाऊ रुसून नदीपार गेलेला. त्याला आणायला ती निघाली, सोबत तिची नणंद चंद्री आणि भावाची लाडकी शेळी. शेळी पाहून त्याचा राग उतरेल अशी आशा. तिसऱ्या दिवशी त्या काठावर पोचल्या, तर नदी ओलांडायच्या डोंग्यात एक बाई आणि एक शेळी एवढीच जागा. चंद्रीला काठावर बसवून सोनी म्हणाली, "मी येतो, तवरिक गाठोडं सांभाळ." शेळीला जागा मिळाली आणि नणंदेला नाही, यावर बाया दुपारभर हसल्या होत्या. पाचव्या दिवशी रानात वाघाचा माग दिसला, म्हणून सोनीनं शेळी मोहाच्या झाडाला बांधली आणि स्वतः झाडावर चढली. मग नवव्या दिवशी हे, बाराव्या दिवशी ते. भाऊ काही हाती लागत नव्हता.

भैय्याजींची बांधी संपली त्या दिवशी मात्र घोळ झाला. भैय्याजी मोठे शेतकरी, दिलदार माणूस. रोवणी उरकली म्हणून त्यांनी मटण शिजवलं होतं. बाया जेवायच्या घाईत, खुशीत. शकुनबाई अडून बसली, "आज भेटवून टाक त्या भाऊ-बहिनीले. माझ्या जिवाले घोर लागला हाय."

"एक बांधी बाकी हाय, शकुन. आपल्या उर्वशीची."

"तिची केवढीशी हाय ते. देऊ उरकून."

मंगलाबाईलाही मोह झाला. बावीस दिवस तिनंही त्या भावाला दुरूनच पाहिलं होतं. तिनं भेट घडवली. भावानं सोनीच्या पायातला काटा काढला, दोघं नदीच्या वरच्या अंगाच्या पुलावरून घरी आली. बायांनी चिखलाच्या हातांनी डोळे पुसले. गोष्ट संपली.

दुसऱ्या दिवशी उर्वशीच्या बांधीवर चौदातल्या आठच बाया आल्या. कोणाची कंबर धरली, कोणाला साकोलीला जाणं निघालं. टोळीची रीत अशी, की हंगामभर दुसऱ्यांचं रोवायचं आणि सगळ्यात शेवटी टोळीतल्या बाईचं रोवायचं, मजुरी न घेता. या साली उर्वशीची पाळी. तिचा नवरा कामाला नागपूरला. बावीस दिवस तिनं सगळ्यांच्या बांधीत हात घातला होता, आणि मंगलाबाईनं तिला शब्द दिला होता. पऱ्हे कालच उपटून धुऱ्यावर ठेवलेले. तलावाचं पाणी आज संध्याकाळपर्यंतच, उद्या पाळी दुसऱ्या शेतांची. आज रोवलं नाही तर पऱ्हे पिवळे पडणार आणि बांधी वर्षभर पडीक राहणार.

बाया रोवत होत्या, पण हात कसे, परक्याच्या घरी भांडी घासावी तसे. जेवणाच्या वेळेपर्यंत तिसरा हिस्साही झाला नाही. जेवून सगळ्या पळसाखाली आडव्या झाल्या. उर्वशी एकटीच बांधीत उतरली. ती कोणाला काही म्हणाली नाही, हेच मंगलाबाईला लागलं.

तिनं पडल्यापडल्या नवी गोष्ट काढून पाहिली. "एक होता कुंभार."

"राहू दे," शकुनबाई डोळे मिटून म्हणाली. "कालच्या भावानंच पोट भरलं."

मंगलाबाईलाही ते पटलं. काल हातचं सगळं वाटून टाकलं, आता पोतं झटकून काय निघणार?

तेवढ्यात खुशबू बोलली. ही टोळीतली सगळ्यात लहान, भंडाऱ्याला कॉलेजात शिकते. एका कानात सदा मोबाइलची बोंडी. शकुनबाई तिला म्हणायची, "हे पोरगी एकाच कानानं रोवते." ती टोळीत गोष्ट ऐकते, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

"आजी, एक इचारू? ते चंद्री घरी आली काय?"

"कोणती चंद्री?"

"नणंद. नदीवर बसवली होती नं गाठोडं घेऊन. आन् हे दोघं तं पुलावरून आले."

तेहतीस वर्षांत मंगलाबाईनं गोष्टीतलं माणूस असं वाटेत टाकलं नव्हतं. 'गेली असन घरी' असं तोंडाशी आलं होतं. पण शकुनबाई कोपरावर उठून बसली होती. पलीकडं दोघींनी डोळे उघडले होते. आणि खाली बांधीत उर्वशी ओणवी, एकटी, मागं मागं सरकत होती.

"नाही आली," मंगलाबाई म्हणाली. उठली, लुगडं खोचलं आणि चिखलात पाय टाकला.

"नाही आली म्हंजे?" शकुनबाई मागून आली. "एकोणीस दिवस तिथंच हाय? खाल्लं काय तिनं?"

"गाठोड्यात लाह्या होत्या. पन ते भावासाठी होत्या, हात कसा लावन?"

"अवो, घरी कोनाच्या ध्यानात नाही आलं?"

"भाऊ आला म्हनून घरात गोडधोड चालू होतं. काल मटन खाताना तुह्या तरी ध्यानात आली काय?"

शकुनबाईला हे टोचलं. तिनं पेंढीची गाठ सोडली आणि रोवायला लागली. एकेक करून आठही जणी ओळीत आल्या. खुशबूनं न आलेल्या बायांना फोन लावले: चंद्री राहिली म्हणाव, या. चार वाजता दोन बाया धापा टाकत आल्या. एकीनं धुऱ्यावरूनच विचारलं, "पाण्यात तं नाही नं पडली?"

मंगलाबाईनं त्या दुपारी जी गोष्ट सांगितली, तशी तिनं कधी सांगितली नव्हती. पुढं काय ते तिलाच माहीत नव्हतं. चंद्री रोज पाण्याकडं बघायची. डोंगेवाला म्हणायचा, चल पोहोचवून देतो. ती म्हणायची, थांब म्हणून सांगितलं हाय. नदी चढत होती. लाह्या ओल्या होत होत्या. बाया मागं सरकत होत्या.

शेवटच्या कोपऱ्यात दोन पेंढ्या उरल्या तेव्हा उजेड होता. मंगलाबाईनं त्या उर्वशीच्या हातात दिल्या.

"मंग?" उर्वशीनं विचारलं. दिवसभरातला तिचा हा पहिलाच शब्द.

"मंग चंद्रीनं गाठोडं सोडलं, लाह्या खाल्ल्या आन् उठली. म्हने, सांगनारी इसरली, तं मी कायले बसू? गेली घरी पायी. दारात उभी राहिली तवा सारं घर उठून उभं झालं. सोनीनं तिचे पाय धुतले."

उर्वशीनं शेवटचं रोप खोचलं आणि तशीच चिखलात बसली. पाणी अजून वाहत होतं.

परतताना मंगलाबाई मागं राहिली. बोटांवर हिशोब चालला होता: सोनी आली, भाऊ आला, चंद्री आली, डोंगेवाला त्याच्या घरी. तिनं खुशबूला थांबवलं. "आखीन कोनी राहिलं काय व?"

खुशबूनं कानातली बोंडी काढली, विचार केला. "शेळी. मोहाले बांधली होती. सोडलीच नाही तुमी."

मंगलाबाई रस्त्यातच उभी राहिली. हसू आवरेना, तिनं पदर तोंडावर धरला. मग इकडंतिकडं पाहून हळू आवाजात म्हणाली, "चूप राह्य. शकुनले सांगू नको. पुढच्या सालच्या रोवणीपर्यंत राहू दे तिले बांधून."