डाव्या गुडघ्यावरची पट्टी

२३ जुलै. युनिफॉर्म बादलीत टाकण्याआधी पँटच्या गुडघ्यांवरच्या पट्ट्या काढत होते. सलाईनची सुई हलू नये म्हणून लावतात ती पांढरी कागदी चिकटपट्टी. ओली झाली की तिचा लगदा होतो आणि डिंक कापडात बसतो, म्हणून आधी नखाने खरवडायची. उजव्या गुडघ्यावरची खरवडून फेकली. डाव्यावरची मात्र अलगद सोडवली आणि साखरेच्या डब्यावर चिकटवून ठेवली. तिच्यावर माझ्याच अक्षरात २.४ लिहिलेलं होतं.

मी सांगलीतल्या एका दवाखान्यात आयसीयूची नर्स आहे. बावीस वर्षं झाली. आयसीयूत एका सिस्टरकडे दोन पेशंट असतात आणि दोघांचे मिळून तासाला वीसेक आकडे लक्षात ठेवायचे असतात. कागद शोधायला वेळ नसतो, म्हणून आम्ही गुडघ्याच्या जरा वर पट्टी लावतो आणि फोनवर कळलेला आकडा तिथेच खरडतो. माझी पद्धत ठरलेली. दोन्ही पेशंटच्या पायांशी उभं राहिलं की डावीकडच्या बेडचं ते डाव्या गुडघ्यावर, उजवीकडच्याचं उजव्यावर. नव्या मुलींना मी हेच शिकवते. माझं डोकं पक्कं आहे, असं मी त्यांना वरचेवर ऐकवायची. ते खरंही होतं.

त्या आठवड्यात दोघी सिस्टर तापाने पडल्या आणि मी सलग चार दिवस डबल ड्युटी केली. सकाळी आठ ते रात्री आठ. मेट्रनने, आमच्या मुख्य नर्सने, विचारलं, "जमेल ना?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं?" तिसऱ्या दिवशी चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. चौथ्या दिवशी सकाळी ज्या डॉक्टरांना एक्स-रेचं विचारलं होतं, त्यांनाच दहा मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. ते हसले, मीही हसले. दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे सगळ्यात शेवटी कळतं. मला तर मीठ खाऊनही कळलं नाही.

माझ्याकडे डावीकडचा चार नंबर आणि उजवीकडचा पाच नंबर असे बेड होते. चारवर एक निवृत्त सुभेदार, खटाव तालुक्यातले. जुलाब-उलट्यांनी पार गळालेले. पाचवर वाळव्याकडचे एक ऊसवाले आजोबा, किडनी बंद पडलेली. दोघंही सत्तरीचे, दोघांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, अंगात तोच हिरवा गाऊन. आजोबांचं संध्याकाळी डायलिसिस करायचं, असं दुपारी दोनला ठरलं. त्या मशीनला लागणारं पाणी आणि निचऱ्याची नळी फक्त चार नंबरपाशी आहे. म्हणून मीच उभी राहून दोघांच्या जागा बदलून घेतल्या. आजोबा चारवर, सुभेदार पाचवर. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

साडेतीनला लॅबचा फोन आला. सुभेदारांचं पोटॅशियम दोन पॉइंट चार. फारच कमी. तीन दिवस सुभेदार म्हणजे डावा गुडघा होता, हात आपोआप तिकडेच गेला. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी सुभेदारांच्या फाईलवर पोटॅशियमचं सलाईन लिहून दिलं. मी बाटली तयार केली, गुडघ्याकडे बघितलं आणि लेबलवर लिहिलं : बेड ४.

चारवर आजोबा होते. त्यांच्या रक्तात पोटॅशियम आधीच इतकं साठलं होतं की ते काढायलाच मशीन येणार होतं. ती बाटली त्यांना लागली असती तर त्यांचं हृदय तिथेच थांबलं असतं.

असं औषध लावताना दोघींनी तपासायचं असा आमच्याकडे नियम आहे. सोबत होती ती आमची सगळ्यात नवी सिस्टर, जत तालुक्यातली. तिचे वडील अजूनही मेंढरं घेऊन फिरतात. मुलगी कामाला चोख, पण हळू. ड्युटीवर आली की प्रत्येक बेडपाशी थांबून पेशंटचं तोंड बघणार, नाव घेणार, मग पुढे. मी एकदा सगळ्यांसमोर तिला म्हटलं होतं, "काय गं, मेंढरं मोजतेस काय?"

ती न लाजता म्हणाली होती, "मोजत न्हाई मॅडम, वळखते. संध्याकाळी आकडा बरोबर भरतो, पण त्यात एखादं दुसऱ्याच्या कळपातलं असतं. म्हणून आमी तोंडं बघतो."

तेव्हा सगळ्या हसल्या. मीसुद्धा.

आता मी चार नंबरच्या उशाशी उभी राहून म्हटलं, "बेड चार, पोटॅशियम. बघ आणि हो म्हण."

एरवी नव्या मुली मोठ्या सिस्टरला 'हो मॅडम' म्हणून मोकळ्या होतात. तिने बाटलीकडे बघितलंच नाही. वाकून मास्कमधला चेहरा बघितला.

"मॅडम, सुभेदार पाचवर हायत."

"अगं, चारवर सुभेदार."

"न्हाई मॅडम. तुमीच हलवलं की दुपारी. हे आजोबा हायत. ह्यांचं पोटॅशियम लय वाढल्यालं हाय." आणि तिने सलाईनची नळी माझ्या हातातून काढून घेतली. विचारलं वगैरे नाही. काढूनच घेतली.

मी खाली बघितलं. मास्कमागून आजोबा माझ्याकडे टक लावून बघत होते. त्या बेडपाशी मी पाच मिनिटं उभी होते. सुई बघितली, सलाईनचा पंप बघितला, मॉनिटर बघितला. माणूस बघितला नव्हता.

बाटली बाजूला ठेवली. नवी बाटली तिच्याकडून बनवून घेतली, सुभेदारांच्या मनगटावरचा नावाचा पट्टा वाचून पाच नंबरला लावली. मग डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "लागली नाही ना? मग विषय संपला, सिस्टर." मेट्रनही तेच म्हणाली. "बावीस वर्षांत एक डाग नाही तुझ्यावर. कशाला कागदावर आणतेस?"

"आज ही पोरगी होती," मी म्हटलं. "उद्या माझ्यासमोर मान डोलावणारी कुणी असली, तर आजोबा जातील. आणि मला इथून पुढे आज काम जमणार नाही. आत्ता. माझे दोन पेशंट कुणालातरी द्या."

"आत्ता कुणाला देऊ बाई?"

मी दोघांच्या फाईली तिच्यापुढे ठेवल्या. तिने माझ्याकडे बघितलं, चष्मा पुसला आणि बऱ्याच वर्षांनी स्वतः बेडपाशी जाऊन माझ्याकडून चार्ज घेतला. वर एवढंच म्हणाली, "पंप बदललेत का गं हे? बटण कुठाय?" नवी सिस्टर धावली.

मी झाला प्रकार एका पानावर लिहिला. बेड, वेळ, बाटली, गुडघा, सगळं. कारणाच्या रकान्यात 'सलग चौथी डबल ड्युटी, मीच हो म्हटले होते' असं लिहून सही केली. सहाला घरी. चार दिवसांत पहिल्यांदा उजेडात कपडे धुतले. रडूबिडू आलं नाही. भूक लागली होती. भात-आमटी खाल्ली आणि साडेआठला झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला मी साखरेच्या डब्यावरची पट्टी घेऊन आयसीयूत गेले. चार्ज घेण्यासाठी सगळ्या जमल्या तेव्हा ती चार आणि पाचच्या मधल्या खांबावर चिकटवली आणि काल काय झालं ते सांगितलं. कुणी हसलं नाही. आजपासून गुडघ्यावर लिहायचं तर आकड्याआधी नाव, बेड नंबर नाही, असं ठरवून टाकलं. आणि रोजचा फेरा जतची सिस्टर करते तसा करायचा. पहिला तिलाच करायला लावला. मी तिच्या मागे.

चार नंबरपाशी माझी पाळी आली. मी वाकले, चेहरा बघितला आणि नाव विचारलं. आजोबांनी मास्क बाजूला केला. डायलिसिसनंतर आवाज जरा उघडला होता. नाव सांगून म्हणाले, "आवं सिस्टर, कालधरनं हितंच हाय की मी. तुमी कुटं हुता?"

"इथंच होते," म्हटलं. त्यांचा मास्क पुन्हा नीट बसवला, हातातला पट्टा वाचला आणि पाच नंबरकडे वळले.