मंदाच्या साड्यांची गोधडी

सिन्नरच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या केरूची बायको मंदा १९९८ च्या उन्हाळ्यात काविळीने गेली. तिच्या सुती साड्यांची गोधडी शिवायचं त्याच्या मनात आलं. त्याने कधी सुई धरली नव्हती, म्हणून सासू कुसाबाई पिंपळगावहून शिकवायला आल्या.

संध्याकाळी केरू कामावरून परतला, तर सगळ्या साड्या दोरीवर वाळत होत्या. रोज उशाशी घेऊन झोपायचा ती निळी साडीही त्यांतच होती. त्याने ती ओढून नाकाशी धरली. नुसता साबणाचा वास आला.

“मामी, हे काय केलं! तिचा वास गेला की!” तो लहान पोरासारखा रडू लागला.

“पाव्हणं, धुतल्याबिगर गोधडी शिवत नाय कुणी. माझ्या ध्यानातच आलं नाय वो,” म्हणत कुसाबाईही ओट्यावर बसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साड्यांचे थर अंथरून कडेने धावदोरा घालायला शिकवलं. केरूचे टाके वाकडे पडत, पण कुसाबाईंनी एकही उसवला नाही.

महिन्याभराने गोधडी पुरी झाली. केरूने ती एकच रात्र पांघरली आणि सकाळी सासूच्या पिशवीत घातली.

“तुमीच न्या, मामी. मला तिच्यात झोप येत नाय.”