शकूताईंच्या दोन बाटल्या

हौशी नाटकवाल्यांच्या घरी दोनच गोष्टी साठतात. कुणाच्या तरी लग्नातून मागून आणलेले आणि परत न केलेले फेटे, आणि किस्से! फेट्यांना कसर लागते. किश्श्यांचं मात्र उलटं. चार माणसं चहाला बसली की एकाचे दोन होतात, आणि मूळ कुठला हे सांगणाऱ्यालाही आठवत नाही. मी आज सांगतोय ते सगळे मूळ आहेत. मी तिथं होतो.

आमचं मंडळ सांगलीचं. नव्वदच्या दशकात सांगली-सातारा पट्ट्यात बोलावतील तिथं आम्ही नाटक करायचो. मी पडदा ओढायचो. हसा खुशाल! पण पडदा ओढणाऱ्याला जे दिसतं, ते पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना दिसत नाही. कारण माझ्या शेजारी, विंगेत, घरून आणलेल्या स्टुलावर शकूताई बसायच्या. आमच्या प्रॉम्प्टर.

शकूताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. उभा जन्म ट्रंक कॉल जोडून देण्यात गेला. त्यांचा आवाज असा, की ज्याला ऐकू जायला पाहिजे त्यालाच जायचा. शेजारच्या मला नुसती पुटपुट, आणि रंगमंचाच्या मधोमध उभ्या असलेल्या विलासला अख्खं वाक्य! हा विलास आमचा नायक. दिसायला राजबिंडा, आणि पाठांतराच्या नावानं आनंदीआनंद.

अशा माणसाचं सगळं नाटक जिच्या डोळ्यांवर चालायचं, तिचेच डोळे एका वर्षी चुरचुरायला लागले. अक्षरं धुरकट दिसायला लागली. आमचे दिग्दर्शक बापू शाळेत चित्रकला शिकवायचे. ते मायेनं म्हणाले, "ताई, आता जरा विश्रांती घ्या."

"डोळ्यांना देते की विश्रांती," शकूताई म्हणाल्या. "मला कशाला?"

*

मिरजेत डॉक्टरांना काय तोटा! एका रविवारी बसनं मीच त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. म्हणाले, "मोतीबिंदू आत्ता कुठं सुरू होतोय. ऑपरेशन इतक्यात नको. पण डोळे कोरडे ठणठणीत पडलेत. वाचताना तुम्ही पापणी मिटता की नाही?"

"पापणी मिटली की विलास अडकतो," शकूताई म्हणाल्या.

विलास कोण हे काही डॉक्टरांनी विचारलं नाही. त्यांनी दोन बाटल्या लिहून दिल्या. एक डोळ्यांत ओलावा राहावा म्हणून. दुसरीत अँटिऑक्सिडंट का काय ते होतं. "लोखंडाला गंज चढतो ना, तसं डोळ्यातल्या भिंगाचं होऊ नये म्हणून काही जण हे देतात. पण यानं मोतीबिंदू जाईल असं मी म्हणणार नाही, आणि थांबेल अशी हमीही देणार नाही. चुरचुर कमी होईल, एवढं नक्की. दोन्ही औषधांत दहा मिनिटांचं अंतर ठेवा. आणि थेंब घातले की पाच मिनिटं डोळे मिटून शांत बसायचं."

"पाच मिनिटं?" शकूताई ताडकन उभ्या राहिल्या. "डॉक्टर, पाच मिनिटांत आमच्याकडे एक खून आणि एक साखरपुडा होतो!"

'खून' तेवढा बाहेर ऐकू गेला असावा. बाहेरच्या बाकावर बसलेले सगळे पेशंट आमच्यासाठी सरकले. बसस्टॉपपर्यंत आमच्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही.

*

बाटल्या आल्या आणि मंडळातला प्रत्येक जण डोळ्यांचा डॉक्टर झाला. कुणी गुलाबपाणी सांगितलं, कुणी तुपाचं बोट. सगळ्यांत पुढं आमचा मारुती. हा टेंपोवाला, जतकडचा. घरची मेंढरं विकून टेंपो घेतलेला, आणि आमचं सगळं नेपथ्य त्यातूनच जायचं.

"ताई, मध घाला. माज्या आज्जीनं घातला हुता."

"मग?"

"लय चरचरलं. म्हातारी वाड्यावस्तीवरनं वरडत पळाली."

"अरे पण दिसायला लागलं का?"

"न्हाई. दिसायचं तेबी कमी झालं. पर म्हातारी मरंस्तवर म्हनायची, चरचरतंय म्हंजी काम करतंय!"

शकूताईंनी शांतपणे पहिली बाटली काढली, मान मागं टाकली, आणि मारुतीच्या समोरच थेंब घातला. मारुती डोळे फाडून बघत राहिला. ताई ओरडल्या नाहीत, पळाल्या नाहीत. शेवटी बिचाऱ्यानं मला बाजूला घेतलं. "आवं, डाक्टरनं फशिवलं ताईला. निस्तं पानी हाय त्ये!"

*

आमचे अण्णा हळदीचे व्यापारी. नाटकात म्हातारा बाप करायचे. मुलीच्या पाठवणीला अण्णा असे रडायचे, की गावोगावच्या बायका पदर ओले करून घरी जायच्या. तीस वर्षांत कधी ग्लिसरीन लावलं नाही, हा त्यांचा अभिमान!

एका प्रयोगाला अण्णांचे डोळे फारच जळजळत होते. दिवसभर वखारीत हळदीचा धुरळा, आणि वर रंगमंचावरचे दिवे. शकूताई चहा प्यायला गेल्या तेव्हा अण्णांनी गुपचूप त्यांची बाटली उचलली आणि दोन्ही डोळ्यांत भरपूर ओतून घेतलं. पाठवणीचा प्रसंग आला. मुलगी गळ्यात पडली. सनई लागली. आणि अण्णांच्या डोळ्यांतून टिपूस नाही! चेहरा असा प्रसन्न, की बापाला मुलगी जायचा आनंदच झालाय.

विंगेत आल्यावर अण्णा हताश होऊन म्हणाले, "शकूताई, तुमच्या औषधानं माझा अभिनय बरा केला हो!"

ताई भडकल्या. पण त्या अभिनयावर नाही, बाटलीवर. "दुसऱ्याच्या डोळ्याला लागलेली बाटली मी माझ्या डोळ्याला लावू? उद्या माझे डोळे आले तर नाटक कोण सांगणार, तुमची हळद?" बाटली तिथल्या तिथं फेकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्या मिरजेला जाऊन नवी घेऊन आल्या. तेव्हापासून दोन्ही बाटल्या त्यांच्या कमरेच्या पिशवीत. विड्याचं पान मागावं तसं कुणी थेंब मागितले, तर नुसतं बघायच्या. पुरे व्हायचं.

*

साताऱ्याचा प्रयोग. दुसरा अंक. अण्णा खाटेवर शेवटच्या घटका मोजतायत आणि विलास पायाशी बसलाय. म्हणायचं होतं, "बाबा, डोळे उघडा, मी आलोय." विलास अडकला! मी इकडं कासावीस. "ताई, वाक्य द्या, वाक्य!"

त्या हॉलमधला मोठा पंखा थेट विंगेत वारा मारत होता. ताईंच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं, समोर काही दिसत नव्हतं. त्या मला म्हणाल्या, "थांब जरा, थेंब घालते." मला म्हणाल्या खऱ्या, पण सवयीनं तोंड रंगमंचाकडे आणि आवाज तोच, ट्रंक कॉलचा!

विलासनं बापाचे पाय धरले आणि गदगदून म्हणाला, "थांब जरा, थेंब घालते!"

मी दोर सोडून कपाळाला हात लावला. पण अण्णा मुरलेले. मरणाऱ्या माणसाच्या तोंडात गंगाजल घालतात, हे त्यांना ऐन वेळी सुचलं. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून तोंड उघडलं! विलासला तेवढं कळलं. खाटेजवळ मी शोभेला ठेवलेला रिकामा तांब्या त्यानं उचलला, त्यात बोटं बुडवली आणि बापाच्या तोंडात नसलेले थेंब सोडले. हॉलमध्ये हुंदके फुटले. पुढं बसलेले एक पागोटेवाले आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "बापाच्या दुक्कानं पोराचं डोस्कं फिरलं बगा. बाईवानी बोलाया लागलंय!"

पुढच्या प्रयोगापासून बापूंनी तो प्रसंग नाटकात कायम केला.

*

महाबळेश्वरचा गणपतीतला प्रयोग मात्र मला अजून हसू देत नाही, आणि रडूही देत नाही. बाहेर पाऊस कोसळत होता. हॉलची दारं सताड उघडी. पहिला अंक निम्मा झाला असेल, तेवढ्यात शकूताईंनी माझा हात घट्ट धरला. हात गार पडला होता.

"गेलं रे," त्या म्हणाल्या. "पांढरं झालं सगळं. मोतीबिंदू पिकला माझा. आता बापू मला काढणार."

मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. त्यांचं घर आवरलेलं होतं, पोरं पुण्यात रमली होती. उरलं होतं ते हे स्टूल. ते गेलं की संध्याकाळी सहाला चपला घालून जायचं कुठं?

ताडपत्री घेऊन मारुती मागं उभा होता. तो म्हणाला, "ताई, मलाबी कायच दिसंना."

"तुलाही मोतीबिंदू?"

"न्हाई वो! ढग शिरलाय आत!"

बघतो तर खरंच! अख्खा हॉल धुक्यानं भरलेला. रंगमंचावर विलास आणि अण्णा एकमेकांना शोधत होते, आणि अण्णा एका खांबाला "बाळ" म्हणत होते. शकूताई इतक्या हसल्या, की त्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षकांना ऐकू गेला.

*

आणि मग ती नाट्यस्पर्धा. आमच्याच सांगलीत. आठवड्याभरावर स्पर्धा आली, आणि रंगीत तालमीत शकूताईंचं अर्धं पान गळलं. त्यांच्या मागं विलासनंही अर्धं पान गाळलं, आणि बाप आजारी पडायच्या आधीच मेला!

बापूंनी तालीम थांबवली. "ताई, राग मानू नका. स्पर्धेला सुधीर बसेल." सुधीर बँकेत होता. तरणा, नजर घारीची. शकूताई स्टुलावरून हलल्या नाहीत.

"पहिला अंक त्याला द्या. दुसरा मला. दुसऱ्यात एक वाक्य चुकलं, तर मी माझं स्टूल उचलून घरी नेईन. परत येणार नाही."

बापूंना नाही म्हणवेना. त्या आठवड्यात ताईंनी टेंपोत, तालमीत, देवळाच्या पायरीवर, जिथं असतील तिथं घड्याळ बघून थेंब घातले. टीव्ही बंद. बॅटरीत नवे सेल. वाचताना मुद्दाम पापण्या मिटायची सवय लावून घेतली. घोकल्यासारखी!

स्पर्धेचा दिवस. पहिला अंक सुधीरनं सांगितला. नजर खरंच चांगली. पण आवाज बँकेच्या काउंटरवरचा! विलासचं वाक्य तिसऱ्या रांगेला विलासच्या आधी कळायचं.

मध्यंतर. शकूताईंनी पहिली बाटली घातली आणि डोळे मिटून बसल्या. दुसरी घंटा झाली. बापू घामाघूम. "ताई, उघडा डोळे! आता तिसरी घंटा देतील!"

"अजून दुसरी बाटली राहिलीय."

"नंतर घाला हो!"

"डॉक्टरांनी अंतर सांगितलंय. घाई असेल तर सुधीरला बसवा."

बापूंनी सुधीरकडे बघितलं. मग तिसऱ्या रांगेकडे. आणि स्वतःच संयोजकांकडे पळाले, घंटा थांबवायला.

दुसरा अंक सुरू झाला. मी दोर धरून उभा. ताईंचं एक बोट वहीतल्या ओळीखाली, दुसऱ्या हातात बॅटरी. विलास अडकला. वाक्य गेलं. पुन्हा अडकला, पुन्हा गेलं. शेवटच्या लांबलचक भाषणात तर तो दर ओळीला विंगेकडे कान करत होता. शेजारी उभा असून मला एक शब्द ऐकू आला नाही. अण्णा वेळेवर मेले. मी पडदा पाडला.

निकालाआधी परीक्षकांपैकी एक जण माईकवर आले. म्हणाले, "पहिल्या अंकात प्रॉम्प्टिंग फारच ऐकू येत होतं. पण दुसऱ्या अंकात या मंडळींनी कमाल केली. एकाही नटाला प्रॉम्प्टर लागला नाही! पाठांतर असावं तर असं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. विलासनं छातीवर हात ठेवून तीनदा वाकून नमस्कार केला. आम्ही सगळे विंगेकडे बघत होतो. शकूताई स्टुलावर बसून चष्मा पुसत होत्या. त्यांनी बोटानं बापूंना जवळ बोलावलं.

"बापू," त्या म्हणाल्या, "पुढच्या नाटकाची वही जरा मोठ्या अक्षरात काढा."