दवावरचे भारे

टायफॉईडमधून नवरा वाचला आणि त्यानं येशूला मानायला सुरुवात केली. शेजारच्या गावचा उपदेशक त्याच्या तापात रोज सायकलनं यायचा, कपाळावर हात ठेवून प्रार्थना करायचा. त्याचं बोलणं मलाही पटलं होतं, खोटं कशाला सांगू! पाऊस आपल्या हातात नाही, हे तळ्याकाठच्या माणसाला शिकवावं लागत नाही. तो कुणाच्या तरी हातात आहे, एवढंच उपदेशकानं नवीन सांगितलं. नावेत झोपलेला येशू उठून वाऱ्याला दटावतो आणि लाटा गप्प होतात, ही गोष्ट मी चूल सोडून ऐकायची. त्यापायी भाऊबंदांनी आमच्याकडे येणं-जाणं सोडलं, तेही मी सोसलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. दिवाळी झाली, धान कापून झालं. आमच्याकडे कापलेलं धान शेतातच पसरून वाळवतात. त्याला कडपा म्हणतात. वाळलं की पहाटे, दव असतानाच भारे बांधायचे, उन्हात बांधले तर दाणा झडतो. वर्षाचं खाणं आणि पुढचं बियाणं, सगळं त्या कडपांत होतं.

शनिवारी आभाळ भरून आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सारं गाव भारे बांधणार होतं. नवरा मात्र उपदेशकाकडून दिवेलागणीला परतला तो हसतमुखानं.

"उद्या रविवार, प्रभूचा दिवस. धानाले हात लावाचा नाही. ज्यानं वादळ थांबवलं, त्याले आपल्या कडपा राखता येत नाही का?"

"त्याले सारंच येते. पन दोर त आपल्यापाशीच हाय ना!"

पहाटे मी दोर घेऊन निघाले, तर हा दारात आडवा उभा राहिला. दुपारी जो पाऊस लागला तो थांबायचं नाव घेईना. उघडला तेव्हा कडपांखालून पांढरे कोंब निघालेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मूठभर कोंब फुटलेलं धान पदरात घेऊन मी तडक उपदेशकाचं घर गाठलं.

त्याच्या अंगणात धानाची गंजी उभी होती. वरून तणसाचं, धानाच्या पेंढ्याचं छप्पर, खाली थेंबाचा डाग नाही.

"बाई, निसर्गावर सत्ता देवाची," तो म्हणाला. "माणसानं का म्हणून विचारू नये."

"देवाले कुठं विचारून राहिली? तुमाले विचारून राहिली. तुमचं धान कोनं राखलं?"

त्यानं आत वळून बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी थांबले नाही.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. वाटलं, आता तरी हा पेटून उठेल. तो खाली बघत म्हणाला, "मले मालूम हाय. शनिवारी मीच त त्याचे भारे वाहून देल्ले."

उपदेशक परका होता, त्याचं एवढं लागलं नसतं. ज्याच्यासाठी मी माणसं तुटू दिली, त्यानं दुसऱ्याचं धान झाकलं आणि माझ्या दारात आडवा उभा राहिला.

"मंग आपल्या धानाचं काय करू, म्हनून विचारलं नाही काहून?"

"विचारलं ना."

"काय म्हनला?"

"म्हनला, माझा विश्वास लहान हाय, म्हनून मी बांधून ठेवतो. तुझा मोठा हाय."

हे सांगताना त्याचा चेहरा खुलला होता.