नाव सांगायचा नियम

तेइसुके कुरामोचीला एका जागी स्वस्थ बसलेलं त्या खोऱ्यात कुणी पाहिलेलं नाही. आयुष्यभर तो विजेचे मीटर वाचत दारोदार हिंडला. निवृत्त झाला तरी पाय ऐकेनात, तेव्हा चालायला निमित्त म्हणून त्याने हायकू धरला. बायको होती तोवर म्हणायची, "देव ह्यांना बूड द्यायचंच विसरला."

गावच्या हायकू मंडळात एके काळी खोली भरायची. कुणी वारलं, कुणी मुलांकडे शहरात गेलं, आणि शेवटी दोघंच उरले: तेइसुके आणि त्याच्याच वर्गात शिकलेली किनुए. तरी महिन्यातून एकदा दोघं रानावनातून फिरत, चालता चालता चिठ्ठ्यांवर हायकू लिहीत आणि परतल्यावर बैठक भरवत. नियम सगळे शाबूत. चिठ्ठीवर नाव नाही. चिठ्ठ्या मिसळायच्या, निम्म्या निम्म्या वाटून घ्यायच्या आणि आपल्या अक्षरात उतरवायच्या, म्हणजे अक्षरावरून कवी ओळखू यायला नको. मग स्वतःचा सोडून, आवडलेला हायकू वाचायचा. वाचून झाला की ज्याचा असेल त्याने मोठ्यांदा आपलं नाव सांगायचं.

"अरे तेइ, दोघांत कसली लपवाछपवी?" किनुए म्हणे. "तुझा नाही तो माझा!"

"नियम नको असतील तर घरी जाऊन मुळ्याचं लोणचं घाल," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आज मात्र किनुएचं हायकूत लक्ष नव्हतं. सकाळीच तेइसुकेच्या मुलीने, मासुमीने, तिला फाटकापाशी गाठलं होतं. गेल्या आठवड्यात बाबा संध्याकाळी धरणापलीकडच्या बसथांब्यावर सापडले. त्या थांब्यावर आता बस येतच नाही. गावच्या भोंग्यावरून त्यांच्या नावाचा पुकारा झाला होता, सगळ्यांनी ऐकला होता. खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात जागा रिकामी झाली होती.

"तिथे दाराला कुलूप असतं, मावशी. मलाही ते बरं वाटत नाही," मासुमी म्हणाली. "आज तुम्ही नीट बघा त्यांच्याकडे. डोकं ठिकाणावर आहे म्हणालात तर राहू दे त्यांना इथेच."

तेइसुके आणि कुलूप! एवढं मोठं ओझं सकाळी सकाळी आपल्याच गळ्यात का, म्हणून किनुएला मासुमीचा रागच आला.

भात कापून झालेलं होतं. पेंढ्या काठ्यांवर वाळत होत्या. अस्वलं दूर राहावीत म्हणून पिशवीला बांधलेली घंटा वाजवत तेइसुके नेहमीसारखा पुढे सुटला होता आणि किनुए दुखऱ्या गुडघ्यांनी मागून त्याची परीक्षा घेत होती. कुठलं घर कुणाचं, कुठला कुत्रा चावरा होता, सगळं तो धडाधड सांगत होता. तिला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात तो एका ओस घराच्या भिंतीपाशी वाकला आणि बंद पडलेला मीटर वाचायला लागला.

"काय बघतोयस रे?"

"सवय," तो म्हणाला. दोघं हसली. पण तो आपणहून हसला की तिला हसताना बघून, हे तिला नीट आठवेना, आणि तेच मनात घोळत राहिलं.

पुढे रस्त्याला फाटा फुटतो. तिथे तेइसुके उभा होता. जन्मात कुणासाठी न थांबलेला माणूस तिची वाट बघत होता.

"दमलास की काय?"

"मी? तुझ्यासाठी थांबलो, म्हातारे. कुठल्या बाजूने जातेस ते बघू म्हटलं."

ती उजवीकडे वळली. तो मुकाट्याने मागोमाग आला.

तेइसुकेच्या घरी मासुमीने चहा केला आणि ती कोपऱ्यात बसून राहिली, बापाच्या तोंडाकडे बघत. चिठ्ठ्या मिसळल्या, वाटल्या. किनुएच्या वाट्याला त्याच्या थरथरत्या अक्षरातली एक चिठ्ठी आली.

कापणी झाली
बुजगावणं कुणी
घरी नेईना

तिचा हात थांबला. कापणी शरदातली, बुजगावणंही शरदातलंच. हायकूत ऋतूचा शब्द एकच हवा; दोन झाले की हाच माणूस तिच्यावर खेकसायचा. पण हायकू आतपर्यंत गेला. तिने डोळे पुसायचं टाळलं आणि तो जसाच्या तसा उतरवला.

निवडायची पाळी तेइसुकेची आली. त्याने तिने उतरवलेले कागद लांब धरले, जवळ धरले, पुन्हा पुन्हा चाळले. मग घसा साफ करून वाचलं, "कापणी झाली, बुजगावणं कुणी, घरी नेईना."

आणि तो थांबला. नाव ऐकायला थांबला.

चूक कुणाचीही होते, म्हणून हसून टाकावं, असं किनुएला क्षणभर वाटलं. पण तो हसत नव्हता. हायकू तिचाच असल्यासारखा तो तिच्याकडे कौतुकाने बघत होता.

"कुणाचा हा?" मासुमीने विचारलं.

आपण खोटं बोलणार आहोत, मासुमीशी आणि त्याच्याशीही, हे किनुएला स्वच्छ दिसत होतं.

"किनुए!" ती इतक्या जोरात म्हणाली की मासुमी दचकली.

"वाटलंच मला," तेइसुके म्हणाला. "कापणी आणि बुजगावणं, दोन-दोन! किती वर्षं कानीकपाळी ओरडतोय. पण हायकू खरा आहे गं. तुला कसा काय सुचला?"

"तुझ्या मागे चालताना."

मासुमी खळखळून हसली. कपबश्या उचलता उचलता तिने हळूच विचारलं, "ठीक आहेत ना मग बाबा?"

"ठीक आहे तो," किनुए म्हणाली. "फक्त एकट्याला सोडू नकोस. मी जात जाईन बरोबर."

"महिन्यातून एकदा ना?"

"नाही. रोज."

तेइसुके तोवर ओट्यावर बसून बुटात पाय घालत होता. "अगं ऊठ की! अजून उजेड आहे," तो आतल्या दिशेने ओरडला.

"आले रे बाबा," किनुए म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.