बांगडीची निशाणी

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. जुन्या कागदांचा विषय निघाला की मी दुसरीच गोष्ट सांगत असे. चिंचवडला भेळ बांधून दिलेल्या पुडक्यात मला संस्थानी काळातलं कोर्टाचं समन्स कसं सापडलं, ती. ती गोष्ट खरी आहे आणि तिच्यात माझी काहीच चूक नाही, म्हणून ती मला फार आवडते.

मला जुने सरकारी आणि कोर्टकचेरीचे कागद जमवायचा नाद आहे. स्टॅम्पपेपर, खरेदीखतं, गहाणखतं, जप्तीच्या नोटिसा. भोसरीच्या एका कंपनीत मी तपासणी खात्यात होतो. आयुष्यभर तयार माल मोजला, खोट दिसली की लाल खूण केली आणि बाजूला काढला. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून रद्दीची दुकानं धुंडाळायला लागलो. बघता बघता दिवाणखान्याची भिंत भरली. बायको म्हणायची, "जिवंत माणसांचं रेशनकार्ड सापडत नाही या घरात, आणि मेलेल्यांच्या जप्त्या फ्रेम करून लावल्यात."

आता एक गोष्ट आधीच कबूल करतो. यातले बहुतेक कागद मोडी लिपीत होते आणि मला मोडी येत नव्हती. अजूनही येत नाही. घरी आलेला पाहुणा भिंतीकडे बघून विचारायचा, "काय लिहिलंय हो यात?" मी चष्मा काढायचो, पुसायचो, परत लावायचो आणि म्हणायचो, "व्यवहाराचं आहे." हे उत्तर कधीच चुकलं नाही. अशा रीतीने आमच्या सोसायटीत मी जाणकार ठरलो.

कंपनीतला माझा मित्र चाकणजवळच्या गावचा. त्याची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि त्या बदल्यात आमच्या कंपनीत पत्रा दाबायच्या खात्यात, प्रेस शॉपमध्ये, नोकरी मिळाली. आमची ओळख शिफ्टच्या बसमधली. एका बाकावर बसून आम्ही दोघं म्हातारे झालो. मी तपासणीवाला म्हणून तो मला चारचौघांत साहेब म्हणायचा आणि बसमध्ये राव.

त्याच्या गावात जत्रेला देवापुढं पहिला नारळ फोडायचा मान त्याच्या घराण्याकडे होता. निदान तो तसं म्हणायचा. त्याच्या चुलत भावांचं म्हणणं होतं की मान त्यांचा. पूर्वी या भावकीला भांडायला पुष्कळ गोष्टी होत्या. विहीर होती, बांध होता, बांधावरचा आंबा होता. त्या सगळ्यावर आता कंपन्यांच्या शेड उभ्या होत्या. त्यामुळे दोन पिढ्यांची सगळी भांडणं त्या एका नारळावर येऊन बसली होती.

एका वर्षी जत्रेआधी गावकीची बैठक ठरली. मित्र निगडीला माझ्या घरी आला आणि फडक्यात गुंडाळलेली एक घडी माझ्या हातात दिली.

"राव, आमच्या आज्या-आजीच्या टायमाचा कागद हाय. मान कुणाचा ते पंचांनी लिवून दिलंय. घरात आमच्या हिच्या पेटीत पडून व्हता. तू जाणकार मानूस, बैठकीपातुर नीट जपून ठेव."

त्याने स्वतः ती घडी उलगडून पाहिली नव्हती. कागद फाटेल या भीतीने त्यांच्या घरात सहसा कोणी ती उलगडत नसे. मी उलगडली आणि माझे डोळे दिपले. लांबलचक स्टॅम्पपेपर, वर मधोमध राजाचं डोकं असलेला छाप, एक कंगोरा तुटलेला नाही. असा नमुना माझ्या भिंतीवर नव्हता.

जपून ठेव म्हणजे काय करायचं, हे मला कंपनीने शिकवलं होतं. आमच्याकडे जी वस्तू टिकायला हवी ती लॅमिनेट होत असे. मशिनची सूचना, आगीचा नकाशा, कॅन्टीनमधला वार लावून लिहिलेला भाजीचा तक्ता, सगळं. एका साहेबांनी तर देवाचा फोटोसुद्धा लॅमिनेट करून घेतला होता. तेव्हा मी कागद घेऊन सरळ कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो.

"काका, मोठी शीट संपली. ए-फोर आहे फक्त," तो म्हणाला. "कागद लांब आहे. थोडा कापावा लागेल. वरून कापू की खालून?"

"वरून?" मी ओरडलोच. "अहो, वर राजा आहे!"

"मग खालून?"

मी खालचा भाग तपासला. अगदी खात्यात तपासायचो तसा. चार वेड्यावाकड्या ओळी, नांगरासारखे काही फराटे आणि उजव्या कोपऱ्यात एक गोल डाग. मी म्हटलं, "बघा, लोकांना किंमत नसते. कोणीतरी यावर चहाचा कप ठेवलाय." झेरॉक्सवाल्यानेही मान हलवून हळहळ व्यक्त केली. मग त्याने पट्टी ठेवली, कटर ओढला आणि ती पट्टी टोपलीत पडली. माल मशिनमधून बाहेर आला तो गुळगुळीत, कोमट आणि चकचकीत. एक्सपोर्टला पाठवावा असा.

बैठक देवळाच्या सभामंडपात झाली. मागे कंपनीचा कॉम्प्रेसर सुरू होता, त्यामुळे सगळे ओरडून बोलत होते. मित्राने कागद माझ्यापुढे धरला, "वाचा, साहेब." मी खिसे चाचपले आणि चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. जाणकाराचे दोन चष्मे असतात असं लोकांना वाटलं असावं. सुदैवाने मोडी येणारे एक निवृत्त मास्तर बोलावलेले होते. त्यांनी कागद घेतला आणि खड्या आवाजात वाचला. मान मित्राच्या घराण्याचा, हे त्यात स्पष्ट होतं. मित्राची छाती फुगली. मास्तर वाचत शेवटाला आले, "येणेप्रमाणे उभयपक्षी ठरले, त्यास खाली पंचांच्या व उभयतांच्या सह्या आणि निशाण्या..." आणि थांबले. कागद पालटून पाहिला. पुन्हा पालटला.

"पुढं?" मित्र म्हणाला.

"पुढं प्लास्टिक आहे."

चुलतभाऊ उठला. "सह्या कुठंयत? बिनसह्यांचा कागद म्हंजी काय, लग्नाची पत्रिका? असला कागद मी उद्या चाकणातनं छापून आणतो, त्याला बी प्लास्टिक घालतो!"

सभामंडप हसला. मला मात्र त्या क्षणी टोपलीत पडणारी ती पट्टी दिसली. नांगराचे फराटे म्हणजे लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याची सही, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण माझं पुस्तकी ज्ञान ऐन वेळी माझ्याबरोबर कधीच येत नाही. ते मागच्या बसने येतं.

शेवटी असं ठरलं की दर वर्षी चिठ्ठी टाकायची, ज्याची निघेल त्याचा नारळ. मित्राच्या वडिलांना मानासाठी चिठ्ठी टाकायची वेळ कधी आली नव्हती. मित्राने मला पुढे ओढलं. "उंदरांनी खाल्ला कागद. ह्या साहेबांनी प्लास्टिकमधी घातला म्हनून एवढा तरी ऱ्हायला." आणि गावकीने मला शाल आणि नारळ दिला. त्या वर्षी त्या देवळात पहिला नारळ कोणाला मिळाला असेल, तर तो मला.

तिथून आम्ही त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा टाकला. मित्राने टोपी फेकली आणि सुरुवात केली, "तुझ्याच पेटीत व्हता. उंदरं पाळलीस तिथं."

वहिनींनी कागद हातात घेतला. खालच्या कडेवरून बोट फिरवलं.

"उंदीर काय फूटपट्टी घेऊन आला व्हता?"

हे त्या नवऱ्याला म्हणाल्या, पण बघत माझ्याकडे होत्या. मी नुसता गप्प बसलो असतो, तरी हे लिहायची वेळ आली नसती. पण अंगावर नवी शाल होती. मी म्हणालो, "जुना कागद घडीवर असा सरळच तुटतो, वहिनी. कागदाचा स्वभाव आहे तो."

"आता बोल," मित्र म्हणाला. "साहेब सांगत्यात."

"असंल," वहिनी म्हणाल्या.

मग चहाचा कप माझ्यापुढे ठेवून सावकाश बोलल्या, "मानाचं मला काय न्हाई, भावजी. नारळ कुनी फोडला तरी खोबरं सारखंच. पर खाली कोपऱ्यात आमच्या आजेसासूबाईंची बांगडी व्हती. नवरा गेलेला, दीर सगळं घ्याया बसलेला. तरी बाई पंचांत जाऊन बसली. लिवता येत न्हाई तर बाईनं बांगडीची निशाणी करायची, असं व्हतं तवा. हातातली गेली व्हती, ती कागदावर काढून आली, असं सासूबाई सांगायच्या. मी एकदा गुपचूप उलगडून पाह्यली व्हती. अशी गोल."

आणि बोटाने हवेत काढून दाखवली.



पुढे त्या घरात काहीही हरवलं की मित्र म्हणायचा, "उंदरानं नेलं असंल, इचार हिला." चष्मा, किल्ली, रिमोट. पाहुण्यांसमोरही म्हणायचा आणि पाहुणे हसायचे. वहिनी माझ्या बशीत जास्तीचं बिस्कीट ठेवत. दर जत्रेला चिठ्ठी निघायची आणि मित्राच्या हयातीत त्याच्या नावाची एकदाही निघाली नाही. तो गेला तेव्हा आळंदीला दहाव्याला सांगू असं ठरवून मी गेलो होतो. तिथे वहिनींनीच मला विचारलं, "जेवलात का?" मी जेवलो.

नंतर त्या मुलाकडे मारुंजीला राहायला गेल्या. फ्लॅट वरच्या मजल्यावर होता. आमची शेवटची भेट तिथली. जाताना मी वाक्य पाठ करून गेलो होतो. वहिनींनी चहा आणला, काचेच्या टेबलावर ठेवला. मी कप उचलला तर खाली काचेवर ओलं गोल उमटलेलं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याही बघत राहिल्या.

"वहिनी," मी म्हणालो.

"साखर कमी हाय का?"

"नाही. बरोबर आहे."

त्यांनी पदराने काच पुसली.

वहिनी त्याच श्रावणात वारल्या. कागद आता त्यांच्या मुलाकडे आहे. त्याने तो चांगला जपला आहे, प्लास्टिकला सुरकुती नाही.

त्या शेवटच्या भेटीहून निघालो तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या, लिफ्टचं बटण त्यांनीच दाबलं. दार बंद झालं आणि मला एकदम वाचा फुटली. एक मजला खाली जाईपर्यंत मी सगळं म्हणून टाकलं, मोठ्याने, पाठ केलं होतं तसं. लिफ्टमध्ये पाठीवर मोठी पिशवी घेतलेला पार्सलवाला उभा होता. त्याने हेल्मेटची काच वर केली.

"काय म्हणालात, काका?"

मी त्यालाही पुन्हा सांगू शकलो नाही. म्हणालो होतो ते एवढंच, "वहिनी, तुमच्या पेटीत उंदीर नव्हता. ती बांगडी मी कापली. मला माफ करा."