जड पापणीची अकरा चित्रं

९ मार्च २०१९ रोजी पापणीरावांनी एका चित्रासाठी रोख सत्तावीस हजार तीनशे पन्नास मोजले, आणि दिवेलागणीच्या आत ते चित्र खोटं असल्याचं आपल्या ॲनिमेवेड्या मित्रांच्या साऱ्या गोटात जाहीर करून टाकलं.

पापणीराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. दिवसा ते कृत्रिम दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवत. बोळक्या तोंडांचे साचे हाताळण्यात उमेदीची वर्षं गेलेला हा गृहस्थ संध्याकाळी हात धुऊन ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून-मालिका, बघायला बसे. ॲनिमेतल्या पात्रांनी तोंड उघडलं की आत नुसती पांढरी पट्टी दिसते, म्हणून बायको म्हणे, "दिवसभर दातच दात, आणि घरी आल्यावर या बिनदातांच्या पोरी!"

नाव पडलं ते त्यांच्या बघण्यावरून. कोणतीही नवी मालिका लावली की ते आधी पात्राची वरची पापणी बघत. रेघ जड, टोकाशी किंचित उतरलेली असली तर मालिका चालू. केसासारखी बारीक असली तर "बंद करा." जगाने डोक्यावर घेतलेल्या मालिका त्यांनी पहिल्याच मिनिटाला निकालात काढल्या होत्या, आणि आगापिछा नसलेली एक जुनी मालिका केवळ नायिकेच्या डोळ्यांसाठी चारदा पाहिली होती.

"अहो, गोष्ट काय आहे ते तरी बघा," बायको म्हणे.

"चेहराच पटला नाही तर गोष्ट घेऊन काय करू?"

"नशीब माझं, माझ्या पापण्या जड होत्या."

दर रविवारी दहा-बारा शौकीन एका फोटोंच्या चौकटींच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जमत. दुकान पापणीरावांच्या साडूचं, म्हणजे धाकट्या मेहुणीच्या नवऱ्याचं. तिथे औषधांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी येई. तिला गोल चेहरे, बुटकी अंगं आणि रत्नासारखे चमचमणारे डोळे लागत. घरी मऊ बाहुल्यांचा नुसता ढीग. एक बसचालक होता. त्याला लांब हातापायांची, टोकदार हनुवटीची पात्रं हवीत, आणि कपाटात मांडायच्या त्यांच्या छोट्या मूर्तीही तशाच, कारण गोलमटोल पात्र मूर्तीत बटाट्यासारखं दिसतं असं त्याचं म्हणणं. मुलीने एकदा विचारलं होतं, "तुम्हाला हे आवडतं म्हणून तुम्ही मूर्ती घेता, की मूर्ती चांगल्या निघतात म्हणून आवडतं?" तो दोन रविवार तिच्याशी बोलला नाही.

पापणीरावांची आवड सर्वांत महाग होती. संगणक येण्याआधी ॲनिमेचं एकेक चित्र पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ शीटवर हाताने रंगवत. काम संपल्यावर त्या शीट कुठे कुठे विकल्या गेल्या. त्या जुन्या मालिकेतली, दीपगृह सांभाळणारी जड पापण्यांची मुलगी पापणीरावांच्या बैठकीच्या भिंतीवर अकरा चौकटींत होती. अकराही चित्रं साडूने परदेशातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून एकेक करून मिळवून दिलेली. चौकटही तोच करी, मागून पक्की चिकटपट्टी लावी आणि बजावी, "दादा, मागचं उघडू नका हं. हवा लागली की रंग सुटतो."

त्या भिंतीच्या जोरावर गोटात पापणीरावांचा शब्द अखेरचा होता. कुणी काही विकत घेणार असलं की आधी त्यांच्यापुढे ठेवी, "बघा हो, खरं की खोटं?" ते चष्मा कपाळावर ढकलून बघत आणि सांगत. कवळ्या घडवणाऱ्याला आयुष्यात कुणी विचारून विचारून काय विचारणार? हा डोळा मात्र लोक विचारायला येत. त्यांची इस्टेट म्हणावी तर ती एवढीच.

बारावं चित्र त्यांनी पहिल्यांदाच साडूला वगळून घेतलं. जाहिरात एका निवृत्त बाईंची होती. त्या काळी रंगवायचं काम कंत्राटाने देशोदेशी जाई, आणि आपण तरुणपणी तसल्याच एका कारखान्यात रंगवायला होतो, असं बाई म्हणाल्या. विकणारे काहीबाही सांगतातच म्हणून पापणीरावांनी ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. घरी येऊन चित्र भिंतीजवळ धरलं मात्र, आणि त्यांचं तोंड कडू झालं. तीच मुलगी, तोच डोळा, पण रेघ कोरडी आणि एकसारखी. केसांखालची सावली निळसर करडी. भिंतीवरच्या अकराही जणींची सावली कशी उबदार तपकिरी! त्यांनी गोटाला कळवलं, "बाई लबाड निघाल्या. यांच्याकडून कुणी काही घेऊ नका."

गोटातून बातमी बाईंच्या कानावर गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः दारात उभ्या. हातात पैशांचं पाकीट.

"पैसे मोजून घ्या," त्या म्हणाल्या. "पण लबाड कशावरून म्हणालात, ते मला बघायचंय."

पापणीरावांनी भिंत दाखवली. बाई एकेका चौकटीपुढे थांबत गेल्या. पाचवीशी त्या हसल्या.

"किती सुंदर रंगवलंय हो!"

"मग? तेच तर म्हणतोय मी."

"पण हे आमच्याकडचं नाही. कुठल्याच कारखान्यातलं नाही. या मालिकेत रेघ मशिनने उमटवायचे, आम्ही फक्त मागून रंग भरायचो. सावलीच्या बरणीवर नंबर असायचा. तपकिरी तिच्या केसांना कधी लागलाच नाही. ही रेघ ब्रशची आहे. बघा, सुरुवातीला दाबलीय आणि शेवटी उचललीय. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांची असते तशी."

पापणीरावांनी चष्मा कपाळावर ढकलून ती रेघ पुन्हा बघितली. साडूचं चौकटींचं दुकान निघालं ते पाट्या रंगवायचं काम बंद पडल्यावर.

ते म्हणाले, "बाई, माझं चुकलं. मी सगळ्यांना तसं कळवतो. आणि हे चित्र... मला ठेवून घेऊ द्या."

बाईंनी चित्र त्यांच्यासमोर धरलं. "आता आवडतंय का?"

त्यांनी बघितलं. चित्र खरं होतं. रेघ तीच कोरडी, सावली तीच थंडगार. या बाईंपुढे आणखी एक खोटं बोलणं त्यांच्याने होईना.

"नाही आवडत."

"मग मी नेते," बाई म्हणाल्या. राग नव्हता. त्यांनी चित्र कागदात गुंडाळलं आणि पाकीट टेबलावर ठेवून त्या जिना उतरल्या.

पापणीराव तसेच दुकानात गेले. साडू काच कापत होता.

"या दादा, बसा."

"बसायला नाही आलो. अकरापैकी खरी किती?"

काच कापायचा हात थांबला. "कोण म्हणालं?"

"किती, ते सांग."

"एकही नाही."

बाहेर एक गिऱ्हाईक डोकावून गेलं.

"पहिलं मी शोभेला म्हणून दुकानात लावलं होतं, दादा. तुम्हीच आलात, काचेला नाक लावलंत आणि ओरडलात, 'अरे, हे तुला कुठे मिळालं?' तुमचा तो चेहरा बघून 'मीच काढलंय' म्हणायचं राहून गेलं."

"पैसे घ्यायचे बरे राहून गेले नाहीत!"

साडूने मान खाली घातली. "पाट्या गेल्यावर माझ्या रेघेकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. तुम्ही तासतास बघायचात."

"दुसऱ्याची म्हणून बघत होतो."

"बघत होतात ना? पापणी अजून जड हवी म्हणालात, पुढच्या चित्रात जड केली. सावली उबदार हवी म्हणालात, तपकिरी टाकला. तुम्हाला आवडायचं तेच दिलं, दादा. दुकानदार दुसरं काय करतो?"

"दादा म्हणू नकोस," पापणीराव म्हणाले. "केसाने गळा कापलास तू माझा. पैशाचं सोड. मला काय आवडतं हेसुद्धा तू रंगवलंस. त्या जोरावर मी लोकांना खरंखोटं सांगत हिंडलो, एका भल्या बाईला लबाड ठरवलं, आणि तू दर रविवारी समोर बसून ऐकत होतास."



घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. एकदाही "अगं बाई" म्हणाली नाही. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

"तुला माहीत होतं?"

"मागच्या वर्षी ताईताई करत रडत आली होती धाकटी, तेव्हा कळलं." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तुम्ही त्या भिंतीसमोर इतके खुशीत असायचात. कुठल्या तोंडाने सांगू?"

"मग त्यानंतरचं चित्र का घेऊ दिलंस?"

त्या रात्री दोघांची पानं वाढली गेली आणि तशीच उचलली गेली.

बाईंची माफी त्यांनी गोटासमोर, स्पष्ट शब्दांत मागितली. लोकांनी समजून घेतलं. औषधांच्या दुकानातली मुलगी एक बाहुली घेऊन घरीही आली. "काका, ही खरी कंपनीची आहे का बघता?"

"मला नको विचारूस, बाळ. माझा डोळा माझा नाही."

तिला ते कळलं नाही. चहा पिऊन ती गेली.

रविवारी ते आता जात नाहीत. घरी एकट्याने मालिका लावतात. बारीक रेघेची आली की हात सवयीने बंद करायच्या बटणाकडे जातो. जड पापणीची आली की तिच्यात साडूचा ब्रश दिसतो, आणि तीही बंद करावी लागते. अकरा चित्रं त्यांनी भिंतीवरून काढली, पण त्यांच्याने ती टाकून देववली नाहीत. ती कपाटामागे तोंड फिरवून उभी आहेत. अधूनमधून, बायको बाजारात गेली की, ते त्यातलं एखादं बाहेर ओढतात, उजेडाकडे धरतात, आणि ते अजूनही सुंदर दिसतं याचाच त्यांना सर्वांत जास्त संताप येतो.

बहिणी-बहिणी फोनवर बोलतात. साडू दुकानात असतो. अकराव्या चित्राच्या चौकटीचे सहाशे चाळीस त्याला द्यायचे राहिले आहेत.